कोंबडीच्या पाठीची उंची

पहिल्या वर्षी माझ्याकडे १२ कोंबड्या होत्या. एका पसरट थाळीत खाद्य, दुसरीत पाणी, एवढीच व्यवस्था. अंडी मिळत होती, कोंबड्या तुकतुकीत दिसत होत्या, म्हणून भांड्यांकडे लक्ष द्यावं असं कधी वाटलं नाही. खटकलं ते खाद्याचं पोतं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. त्या हिशेबाने १२ कोंबड्यांना रोज दीड किलोच्या आत भागायला हवं. माझं पोतं मात्र दर वेळी हिशेबाच्या बरंच आधी तळ दाखवायचं. कोंबड्या पाळण्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी थाळीखाली जुनी चादर अंथरली आणि संध्याकाळी ती चारही कोपऱ्यांनी उचलली. भुसा आणि विष्ठा चाळून काढल्यावर दोन भरगच्च ओंजळी खाद्य निघालं. एका दिवसाचं. इतके महिने ते मी रोज सकाळी झाडून उकिरड्यावर टाकत होते.

दुसऱ्या दिवशी खुराड्यासमोर पाटावर बसून नुसतं बघत राहिले. कोंबडी दाणा टिपते तो सरळ खाली, पण आवडीचा दाणा शोधताना ती चोच आडवी फिरवते. डावीकडे एक झटका, उजवीकडे एक. वरचं बारीक खाद्य थाळीच्या काठावरून बाहेर उडतं. थाळी भरलेली असली की जास्तच. शिवाय थाळी जमिनीवर, म्हणजे कोंबडीच्या लेखी ती जमीनच. ती आत उभी राहते, पायाने उकरते, तिथेच शीट टाकते आणि मग त्या खाद्याला बाकीच्या तोंड लावत नाहीत. त्या तासाभरात जे दिसलं, त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

खाद्य न सांडणारं भांडं घरीच करायचं ठरवलं. पहिला प्रयोग पाइपचा केला, कारण तो सगळ्यात सोपा वाटला. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा बांधायचा, खाली एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, लावायचा, वर टोपण. वरून खाद्य ओतलं की खाली तोंडाशी येत राहतं. घरात पडून असलेल्या तुकड्यांतून अर्ध्या दिवसात तयार झाला. करवतीने कापलेल्या कडा पॉलिशपेपरने घासून घेतल्या, कारण तिथे कोंबडीचा तुरा आणि गळ्याची लोंबती कातडी घासते आणि धारदार कड तिला सहज फाडते. पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार दिवस पाइप उन्हात ठेवला.

दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी कोंबड्या पाइपभोवती उभ्या, खाली तोंड रिकामं आणि वर पाइप अर्धा भरलेला. मी भरड पिठासारखं खाद्य देत होते. असं खाद्य पाइपमध्ये दाबलं जातं, कण एकमेकांना धरून कमान करतात आणि वरचा सगळा भार त्या कमानीवर तोलला जातो. पाइपवर थाप मारली की धप्पकन खाली यायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. दाणेदार पेलेट असतील तर पाइप बरा चालतो, कारण गोळ्या घरंगळतात. एल्बोच्या तोंडाला आतल्या बाजूने ओठही नव्हता, त्यामुळे चोचीच्या झटक्याने खाद्य पूर्वीसारखंच बाहेर उडत होतं.

पाइप मी काढला तो मात्र वेगळ्याच कारणाने. एका पावसाळी आठवड्यात एल्बोच्या वळणात ओल शिरली. सोडवून बघितलं तर तळाशी हिरवट, दमट, कोंदट वासाचा थर. तो हाताने खरवडताना अंगावर काटा आला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले होते. शोध घेतल्यावर दोष निघाला खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जगाला कळलं. हे विष यकृतावर बसतं, आणि बुरशी वरवर काढून टाकली तरी ते खाद्यात राहतंच. म्हणून माझा नियम कडक आहे. बुरशीचा वास आला की ते सगळं खाद्य फेकायचं. वाळवून परत वापरायचं नाही, मन कितीही चुकचुकलं तरी.

मग बादलीकडे वळले. झाकणाची जुनी प्लॅस्टिकची बादली आणि तिच्यापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच बोटं मोठी, उभ्या काठाची थाळी. बादली खाण्याच्या वस्तूंचीच हवी. रंगाची, कीटकनाशकाची किंवा तेलकट रसायनाची बादली कितीही घासली तरी मी वापरणार नाही, कारण प्लॅस्टिक वास आणि अंश धरून ठेवतं. बादलीच्या तळालगत बाजूने सहा भोकं पाडली, प्रत्येक साधारण ४ सेंटीमीटरचं. दादाने ड्रिलला गोल भोकं पाडायचं पातं लावून दिलं. ते नसेल तर छोट्या ड्रिलने गोलाकार टिंबं पाडून मधला तुकडा कापून काढता येतो. प्लॅस्टिक तापवून भोकं पाडायची असतील तर उघड्यावरच पाडावीत, तो धूर छातीत जाऊ देऊ नये. तळाच्या मध्यातून एक बोल्ट घालून दोन्ही बाजूंना मोठे वायसर लावले आणि बादली थाळीला घट्ट आवळली.

पहिल्या दिवशी लक्षात आलं की भोकांजवळचं खाद्य बाहेर येतं आणि मध्यभागी ढीग तसाच राहतो. जाड प्लॅस्टिकचा गोल तुकडा एका बाजूने मध्यापर्यंत कापला, वळवून शंकू केला आणि आत तळाशी पालथा ठेवला. आता खाद्य सगळीकडे घसरत भोकांकडे जातं.

थाळीच्या काठावर केलेली एक छोटी गोष्ट मला सगळ्या खटाटोपात सर्वात आवडते. पाणी मारायच्या रबरी नळीचा जुना तुकडा घेतला, तो लांबीत उभा चिरला आणि थाळीच्या काठावर गोल बसवला. नळी काठाला धरून बसते आणि आतल्या बाजूला तिचा जाड ओठ तयार होतो. चोचीने आडवा झटका दिला की खाद्य त्या ओठावर आपटून परत थाळीत पडतं. आणि धारदार काठ झाकला जातो, ते वेगळंच.

आता उंची. भांडं लटकवल्यावर थाळीचा काठ उभ्या कोंबडीच्या पाठीच्या रेषेत यायला हवा. मी आधी अंदाजाने टांगलं ते खालीच झालं होतं. मग माझी सर्वांत शांत कोंबडी काखेत घेतली, भांड्याजवळ सोडली, ती सरळ उभी राहिल्यावर तिच्या पाठीशी काठी धरून खूण केली आणि दोरी तेवढी वर घेतली. या उंचीवर तिला मान किंचित उचलून खावं लागतं, त्यामुळे चोच फिरवायला जोर मिळत नाही, आणि आत उभं राहून उकरणं तर बंदच होतं. थाळीत खाद्याचा थर काठाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. माझी भोकं मोठी झाली होती, थर अर्ध्याच्या वर जात होता, म्हणून आतून पत्र्याच्या पट्ट्या लावून ती लहान केली.

पुन्हा चादर अंथरली. संध्याकाळी जेमतेम चिमूटभर खाद्य मिळालं. मी ते तळहातावर घेऊन घरात सगळ्यांना दाखवलं.

लटकत्या भांड्याची एक गोष्ट सांभाळावी लागते. कोंबड्या जाडसर दाणे निवडून खातात आणि पिठासारखा बारीक अंश तळाशी साचतो. जीवनसत्त्वं आणि खनिजं बहुतेक त्या बारीक अंशातच असतात. म्हणून रोज वर भर घालत न राहता चार-पाच दिवसांतून एकदा भांडं पूर्ण रिकामं होऊ देते. खालचं सगळं टिपून झालं की मगच नवीन खाद्य. रात्री भांडं दोरीवरून काढून झाकणाच्या डब्यात ठेवते, नाहीतर उंदीर-घुशींना आयतंच मिळतं.

दुसरं भांडं करायची गरज एका बारीक कोंबडीमुळे पडली. बाकीच्या अकरा जणी भांड्याभोवती असताना ती दोन हात लांब उभी राहायची. जवळ आली की एखादी तिच्या डोक्यावर टोचायची. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार आणि कोण कोणासमोर बाजूला होणार, याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एबे यांनी हे १९२१ साली अभ्यासातून मांडलं. लहानपणापासून ते कोंबड्यांचं निरीक्षण करत असत. माझ्यासाठी त्याचा अर्थ इतकाच होता की एकाच भांड्यात कितीही खाद्य असलं तरी शेवटच्या कोंबडीपर्यंत ते पोचत नाही. तसंच दुसरं भांडं केलं आणि पहिल्याच्या शेजारी न टांगता खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला टांगलं, मध्ये एक फळी आडवी, म्हणजे पहिल्या भांड्यावरची दांडगी कोंबडी तिला बघूच शकत नाही. आठवडाभरात ती पोट भरून खाऊ लागली. संध्याकाळी तिची छाती हाताने चाचपली की खाद्याची पिशवी टम्म लागायची.

पाण्याने मला जास्त शिकवलं आणि जास्त रडवलंही.

उघड्या थाळीतलं पाणी तासाभरात गढूळ होतं, कारण कोंबड्या उकरताना भुसा मागे उडवतात आणि तो नेमका पाण्यात पडतो. पालथ्या बादलीचं भांडं करायचं ठरवलं. तत्त्व सोपं आहे. तोंडाजवळ भोक पाडलेली बादली पाण्याने भरायची, झाकण लावायचं, वर पसरट थाळी ठेवायची आणि सगळं एकदम पालथं करायचं. पाणी थाळीत येतं, भोक बुडालं की थांबतं. कोंबड्या पाणी पितात, पातळी भोकाच्या खाली जाते, भोकातून हवा आत शिरते, बादलीत एक मोठा बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं.

माझी लेक त्याच्यासमोर कितीतरी वेळ उकिडवी बसली होती. "आई, भोक आहे तरी सगळं पाणी बाहेर का येत नाही?" मी तिला म्हटलं, हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. तिचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग रात्री पाण्याने भरलेला पेला पुठ्ठ्याने झाकून उलटा धरून दाखवला. बाहेरची हवा खालून दाबते, म्हणून पाणी टिकतं. १६४३ साली टॉरिचेली यांनी नळीत पारा भरून ती पालथी घातली तेव्हा पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबला, तो याच दाबाने. पाणी पाऱ्यापेक्षा कितीतरी हलकं, म्हणून तोच दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंच स्तंभ पेलतो. आपली बादली हातभर उंचीची. तिचं ओझं हवेला काहीच नाही.

तत्त्व समजलं होतं, तरी पहिल्याच दिवशी पूर आला. थाळीचा काठ ५ सेंटीमीटर उंच आणि मी भोक पाडलं होतं ६ सेंटीमीटरवर. थाळी भरून वाहू लागली तरी भोक बुडेना, आणि बघता बघता पाच लिटर पाणी भुशात. दादा म्हणाला, "अगं, भोक काठाच्या खाली नको का? आधी थाळी मोज, मग ड्रिल धर." ते भोक बुजवून नवीन पाडलं, थाळीच्या तळापासून ३ सेंटीमीटरवर. तेव्हापासून एकदाही वाहिली नाही, जमीन सपाट असेल तर. थाळी तिरकी बसली की खालच्या बाजूने ओघळतेच, म्हणून आता ती पाणसळ लावून बसवलेल्या फरशीवर असते.

बादली सरळ ठेवून वर हवाबंद झाकण लावायची पद्धतही आहे. मी ती करून बघितली आणि सोडून दिली. तिथे झाकणाच्या बारीकशा फटीतून हवा शिरली तरी सगळं पाणी निसटतं. पालथ्या बादलीत वरच्या बाजूला बादलीचा अखंड तळ येतो, त्याला फटच नसते. पालथी करताना थोडं पाणी सांडतं आणि मनगटावर भार येतो, म्हणून मी पाच लिटरच्या वरची बादली घेत नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणून उन्हाळ्यात अशा दोन बादल्या लागतात.

मग आलं एक कोडं. रोज दुपारी, कोणी हात न लावता, थाळी काठावरून वाहायची. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक. तिसऱ्या दिवशी दुपारी बादलीला हात लावला तर ती चांगलीच तापलेली. बादली बरीचशी रिकामी झाली की वरच्या भागात हवा असते, आणि हवा दर ३ अंश तापमानवाढीला साधारण १ टक्का फुगते. चार लिटर हवा १५ अंशांनी तापली की पेलाभर पाणी खाली ढकललं जातं. बादली सावलीत हलवली, प्रश्न मिटला. सावलीत पाणी गार राहतं, ते कोंबड्या जास्त आवडीने पितात, आणि शेवाळही कमी धरतं. बादली गडद रंगाची असावी. आधी मी पारदर्शक बाटल्या वापरत होते, त्या आठवड्यात आतून हिरव्या व्हायच्या.

हे सगळं नीट होण्याआधीच्या दिवसांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या पुराच्या आठवड्यात खुराड्याच्या कोपऱ्यात तीन आठवड्यांची पिल्लं होती. मी वरवरचा ओला भुसा बदलला, पण खालचा थर दमट राहिला. पाच-सहा दिवसांनी दोन पिल्लं पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी, आणि विष्ठेत रक्त. पशुवैद्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, कॉक्सिडिओसिस. या रोगाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात, आणि ओल, ऊब व हवा मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागण करण्याजोगी होतात. कोरड्या भुशात त्यांना ते साधत नाही. औषध सुरू केलं, सगळा भुसा काढून जमीन कोरडी केली, बाकीची पिल्लं वाचली. ती दोन गेली. त्यातलं एक लेकीने नाव ठेवलेलं होतं.

तेव्हापासून पाण्याच्या भांड्याखाली भुसा नसतो. लाकडी चौकटीवर जाळी ठोकून घेतली आहे आणि भांडं त्यावर बसतं. सांडलेले थेंब जाळीखालच्या खडीत जातात, पिल्लांचे पाय तिथे पोचत नाहीत. अगदी लहान पिल्लांच्या थाळीत स्वच्छ धुतलेले गोटे पसरते, चोच आत जाईल पण पिल्लू जाणार नाही इतके दाट. एक-दोन दिवसांचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं, आणि भिजलं तर गारठून जातं.

पुढे निपलही, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी छोटी तोटी, बसवले. बादलीच्या तळाला भोकं, त्यांत टेफ्लॉन टेप गुंडाळून पितळी टोकाचे निपल, आणि बादली टांगलेली. कोंबडी टोकाला चोच लावते, थेंब थेट घशात जातो. पाणी उघडं नसल्यामुळे घाण होत नाही. एका निपलवर आठ ते दहा कोंबड्या भागतात, मी बारांना तीन लावले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निपल कोरडे पडले, कारण झाकण घट्ट होतं आणि हवेला आत यायला वाट नव्हती. पालथ्या बादलीत जी गोष्ट मला हवी होती, तीच इथे नको होती. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं, त्यावर बारीक जाळी चिकटवली, पाणी सुरू झालं.

कोंबड्यांना नवीन वस्तूची भीती वाटते. जुनं भांडं एकदम काढून घेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. पाण्यावाचून एक दिवस काढावा लागला तरी अंडी घटतात, कारण कवच सोडलं तर अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. मी दोन्ही भांडी आठवडाभर शेजारी ठेवली आणि रोज सकाळी निपलच्या टोकाला बोट लावून थेंब चमकवत राहिले. सगळ्यांत आधी आली ती उतरंडीतली शेवटची, बारीक कोंबडी. तिने थेंबाकडे एका डोळ्याने पाहिलं, टोचलं, मान वर केली, परत टोचलं. तिच्या मागोमाग दोन दिवसांत बाकीच्या शिकल्या.

निपल आल्यावरही पालथ्या बादलीची एक जोडी मी ठेवली आहे. निपल तुंबलं तर बाहेरून कळत नाही, बादलीची पातळी मात्र डोळ्यांना दिसते. दोन्ही भांडी आतून हात घालून चाचपायची सवय लावून घेतली आहे. बोटाला बुळबुळीत लागलं की ब्रशने घासायची, धुऊन उन्हात कोरडी करायची. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंचा थर असतो, नुसत्या पाण्याने विसळून जात नाही. आणि पाण्यात व्हिनेगर मिसळायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं पत्र्याचं भांडं वापरू नये, आम्लामुळे जस्त पाण्यात उतरतं.

सध्या खुराड्यात नवीन १५ पिल्लं आहेत. त्यांच्या खाद्याच्या भांड्याच्या दोरीला मी बोट-बोट अंतरावर गाठी मारल्या आहेत. दर रविवारी लेक त्यातल्या एका पिल्लाला अलगद उभं करते, त्याच्या पाठीशी पट्टी धरते आणि भांडं एक गाठ वर घेते. आज चौथी गाठ झाली.